दोष आढळला नाही

"टोकांनी टोचायचं नाही. बोटांचा हा मऊ भाग आहे ना, त्याने दाबायचं आणि गोल गोल फिरवत पुढे जायचं. हे बघा, असं," एवढं म्हणून थोरल्या सिस्टरने डावा हात डोक्यामागे नेला, उजव्या हाताची तीन बोटं युनिफॉर्मवरूनच डाव्या काखेच्या जरा खाली टेकवली, गोल फिरवली, आणि बोटं थांबली. समोर चौदा बायका बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर पर्स, कुणाच्या हातात नंबराची चिठ्ठी, एकीच्या मांडीवर झोपलेलं मूल. बोटं थांबली आहेत हे त्यांच्यातल्या कुणालाच कळलं नाही, कारण शिकवणाऱ्याला मध्ये मध्ये थांबावंच लागतं. पण तेवढ्या वेळात थोरलीला जे कळायचं ते कळलं होतं. वाटाण्याएवढं काहीतरी. कापडाखाली, कातडीखाली, आत. बोट दाबलं की जरासं हलणारं आणि बोट उचललं की पुन्हा जागेवर येऊन बसणारं. तिने हात खाली घेतला आणि म्हणाली, "आणि हे दर महिन्याला करायचं. कंटाळा करायचा नाही." आवाज नेहमीचाच आला. अकरा वर्षं दर बुधवारी तेच ते बोलल्यावर आवाज आपला आपण चालतो. मागच्या रांगेतल्या बस कंडक्टर बाईने विचारलं, "सिस्टर, तुम्ही स्वतः करता का हो हे?" बायका हसल्या. थोरलीही हसली. म्हणाली, "म्हणजे काय, न चुकता." आणि पुढची आकृती दाखवण्यासाठी ती भिंतीवरच्या तक्त्याकडे वळली.

खरं तर त्या दिवशी तिला स्वतःला हात लावायचं काही कारण नव्हतं. आरोग्य केंद्रात शिकवण्यासाठी सिलिकॉनची एक अर्धी बाई होती, मानेपासून कमरेपर्यंतची; डोकं नाही, हात नाहीत. सगळे तिला बाईसाहेब म्हणत. बाईसाहेबांच्या आत बनवणाऱ्यानेच पाच गाठी बसवलेल्या होत्या आणि थोरली त्या डोळे मिटून दाखवत असे. पण बाईसाहेब सोमवारी शिवणकामाच्या कारखान्यात शिबिराला गेल्या होत्या आणि तिकडेच मुक्काम ठोकून बसल्या होत्या. अशा वेळी थोरली स्वतःवर दाखवायची, पण दाखवायची म्हणजे बोटभर अंतर राखून हवेतच हात फिरवायची. अकरा वर्षांत ते बोटभर अंतर कधी कमी झालं नव्हतं. त्या बुधवारी पुढे बसलेली एक म्हातारी डोळे बारीक करून "दिसत नाही हो नीट" म्हणाली, म्हणून थोरलीने दाबून दाखवलं. म्हातारीची नजर जरा बरी असती तर. हा विचार तिच्या मनात आला आणि आपण एका म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांवर चिडलो आहोत याची तिला लाज वाटली. चीड मात्र गेली नाही.

सत्र संपल्यावर ती औषधांच्या खोलीमागच्या बाथरूममध्ये गेली, कडी लावली, ती लागली की नाही हे ओढून बघितलं, आणि बटणं काढली. चार वेळा तपासलं. पाचव्यांदा बोटांनी तेच सांगितलं. डावीकडे, वर, काखेच्या बाजूला. या जागेला काय म्हणतात, इथेच का जास्त सापडतात, हे सगळं तिला पाठ होतं आणि त्या क्षणी ते पाठ नसतं तर बरं झालं असतं असं तिला मनापासून वाटलं. दहातल्या आठ गाठी साध्या असतात, हे वाक्य तिने शेकडो बायकांना सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. पण ते ऐकून बायकांचे चेहरे मोकळे का होत नाहीत याचं तिला दर वेळी नवल वाटायचं. आता कळलं. त्या आठ ऐकूच येत नाहीत, उरलेल्या दोन तेवढ्या ऐकू येतात. मग तिने हात खाली सोडला आणि तसंच पुन्हा चाचपलं, तर काय, काहीच नाही. हात वर नेला की होतं, खाली आणला की आत कुठेतरी दडून बसायचं. वर नेला, होतं. खाली आणला, नव्हतं. तपासताना हात वर का घ्यायचा हे तिला ठाऊक होतं, तीच तर शिकवायची. तरीही हात खाली असतानाचं ते 'नव्हतं' तिला इतकं आवडलं की बटणं लावून ती बाहेर आली ती डावा हात अंगाला घट्ट चिकटवूनच. दिवसभर तिने तो हात वर नेला नाही. वरच्या फळीवरचं कापसाचं पुडकंसुद्धा उजव्या हाताने काढलं आणि दोन पुडकी पायावर पाडून घेतली.

केंद्रात सिस्टर दोघी. ही थोरली, त्रेपन्न वर्षांची, आणि दुसरी धाकटी, सत्तेचाळीस. एका घरात दिलेल्या जावा शोभाव्यात अशा दोघी वावरायच्या, म्हणून कुणीतरी कधीतरी ही नावं पाडली आणि आता पगारपत्रकाखेरीज त्यांची खरी नावं कुठे येत नसत. पडलेलं पुडकं उचलून देताना धाकटी म्हणाली, "ताई, काय ग, हात धरलाय का?" थोरली म्हणाली, "जरा अवघडलाय." धाकटी म्हणाली, "उशी बदल." झालं. आठ-नऊ माणसांच्या त्या केंद्रात, जिथे कुणाला शिंक आली तरी औषधवाला खिडकीतून गोळी पुढे करायचा, तिथे तिच्या या गोष्टीचा निकाल उशीवर लागला. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच भीती वाटली. कारण सांगायला निघालेली बाई कुठे अडकते, हे ती इतकी वर्षं टेबलाच्या अलीकडे बसून बघत आली होती. बाई आत येते, खोकल्याचं सांगते, गुडघ्याचं सांगते, सुनेचं सांगते, उठते, दाराशी जाते, आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हणते, "आणि सिस्टर, एक विचारायचं होतं." थोरली तर अजून खोकल्यापर्यंतही आली नव्हती.

तिचा नवरा चष्मेवाला. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत 'आता दिसतं का, आता' असं विचारायचा, त्यामुळे घरी आल्यावर तो फारसं काही विचारत नसे. पण शनिवारी दुपारी जेवताना दुसरा घास घेऊन तो थांबला. "अगं, मीठ दोनदा पडलंय." ती म्हणाली, "असेल." तो म्हणाला, "या वयात मीठ दोनदा पडायला लागलं म्हणजे एक तर चष्म्याचा नंबर बदललाय, नाहीतर मन ठिकाणावर नाही. नंबर मी फुकटात बघून देतो. दुसऱ्याचं तुझं तू बघ." ती हसली, आणि हसता हसता तिला वाटलं, आत्ता सांगावं. अहो, असं असं आहे. चार शब्द. ते चार शब्द जिभेपर्यंत आलेही, पण तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. काचेची कड घासून घासून त्याच्या अंगठ्याला पडलेला घट्टा तिने बघितला, आणि तिला वाटलं, हा माणूस घाबरेल. हा घाबरला की मग आपल्याला घाबरता येणार नाही. आपल्याला त्याला धीर द्यावा लागेल, चहा करून द्यावा लागेल, दहातल्या आठ साध्या असतात हे सांगावं लागेल. म्हणून ती म्हणाली, "दही घ्या थोडं, मीठ कमी लागेल." संध्याकाळी दुसऱ्या गावात राहणाऱ्या मुलीचा फोन आला. मुलगी ऑफिसातल्या कुणाची तरी नक्कल करून दाखवत होती, आणि ऐकता ऐकता थोरलीच्या मनात आलं की आपल्या अंगात जर हे असेल तर ते कदाचित आपल्यापुरतं नसेल. ते पलीकडे, फोनवर हसणाऱ्या या पोरीकडेही गेलेलं असेल. "आई, ऐकतेयस ना?" "ऐकतेय. पुढे काय झालं?"

स्वतःच्या आईची आठवण तिने किती वर्षं दूर ठेवली होती. विसरली नव्हती; एखादी जड पेटी भिंतीला लावून ठेवावी तशी ठेवली होती, आणि येता-जाता ठेच लागू नये म्हणून वळसा घालून जायची सवय करून घेतली होती. ती बारा वर्षांची असताना एके दिवशी आई म्हणाली, "आजपासून या बाजूला झोपायचं." तोवर ती आईच्या डावीकडे झोपायची, डोकं आईच्या दंडावर ठेवून. आता उजवीकडे. कारण विचारलं तर आई म्हणाली, "सांगितलेलं ऐकावं." तिला वाटलं आपल्या हातून काहीतरी चुकलंय. मग ते चुकलेलं भरून काढण्यासाठी तिने भांडी घासली, बादल्या भरल्या, न सांगता पाढे म्हटले. आई आता बादली उजव्या हातानेच उचलायची आणि तिला जवळ घेताना एक हात मध्ये आडवा ठेवायची. तो आडवा हात. वर्षभर ती त्या हातावर मनातल्या मनात रुसून होती. आईच्या ब्लाउजच्या आत कापडाच्या घड्या असतात हे तिला दिसायचं, पण मुलींनी विचारायच्या गोष्टी आणि न विचारायच्या गोष्टी यांची यादी न शिकवताच मुलींना येते. शेवटी वास लपेना तेव्हा बापाने डॉक्टरला घरी आणलं. डॉक्टर तपासून बाहेर आला आणि सगळ्यांसमोर आईला म्हणाला, "बाई, इतके दिवस करत काय होता तुम्ही?" आईने जमिनीकडे बघत सांगितलं, "मुलीची परीक्षा होती." परीक्षा मार्चमध्ये झाली होती. हे बोलणं चाललं होतं तेव्हा सप्टेंबर होता. आई गेल्यावर बाप लोकांना सांगायचा, पोटाचा आजार होता. तीही तेच सांगत आली. नवऱ्याला तेच, मुलीला तेच. आणि केंद्रात गाठींची नोंदवही सुरू झाली तेव्हा थोरलीने स्वतःच्या हाताने पट्टी लावून एक जादा रकाना आखला होता, 'उशीर का झाला'. वरच्या ऑफिसातून विचारणा झाली की हा रकाना छापील नमुन्यात नाही, कशासाठी? तिने कळवलं, माहितीसाठी.

तो रकाना तिला तोंडपाठ होता. दुखत नव्हतं. घरी पाहुणे होते. आपोआप जाईल वाटलं. नवऱ्याला सुट्टी नव्हती. सासूबाई आजारी. दिवाणखान्याला रंग द्यायचा होता. एकीने सांगितलं होतं, "विसरले," आणि थोरली तिच्यावर इतकी ओरडली होती की बाहेरच्या बाकावरची माणसं गप्प झाली. "विसरलात? अंगावर काढायला हे काय सर्दी-पडसं आहे?" ती बाई खाली मान घालून बसली होती. आता रविवार गेला, सोमवार आला, आणि थोरली आपल्याशीच एकेक कारण लावून बघत होती, दुकानात चप्पल पायात घालून बघावी तसं. सोमवारी लसीकरण, गर्दी असते. मंगळवारी महिन्याचा अहवाल. गाठ हलते, हलणारी बरी असते. पण पुरती हलत नाही. पण दुखत तर नाही. दुखत नाही हेच तर. बोटांना आता चाळाच लागला होता. लिहिता लिहिता, बसमध्ये बॅगेच्या आडून, नळाखाली हात धुता धुता ती जागा चाचपून यायची, आणि चाचपून चाचपून ती इतकी हुळहुळी झाली की आता दुखतंय ते गाठीमुळे की बोटांमुळे हेही कळेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं ती स्वतःला म्हणाली. म्हणून काही हललं नाही. भीतीला टोमण्यांनी काही होत नाही.

मंगळवारी डॉक्टरने तिला अहवालावर सही घेण्यासाठी आत बोलावलं. डॉक्टर तरुण मुलगी, थोरलीच्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तपासायची नीट, बोलायची कमी. तिने आकडे वाचले. महिन्यात तपासलेल्या स्त्रिया एकशे बारा, गाठ आढळलेल्या तीन, मोठ्या रुग्णालयात पाठवलेल्या तीन. "तिघी गेल्या का खरंच?" डॉक्टरने विचारलं. थोरली म्हणाली, "दोघी गेल्या. तिसरी आज-उद्या करतेय." डॉक्टर म्हणाली, "तुम्ही फोन करा ना तिला, सिस्टर. तुमचं ऐकतात सगळ्या." थोरली "हो, मॅडम" म्हणाली, उठली, दाराशी गेली आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिली. डॉक्टरने मान वर केली. "काही होतं का?" मूठ पितळेची होती आणि गार होती. थोरली म्हणाली, "पंखा आवाज करतोय, तेल घालायला सांगते." बाहेर येऊन तिने त्या तिसऱ्या बाईला खरंच फोन केला. गोड बोलून, मग दटावून, मग पुन्हा गोड बोलून तिच्याकडून गुरुवारचं वचन घेतलं.

त्याच दुपारी ती कपाटातली जुनी पाकिटं काढायला गेली, आणि खरी भीती तिला तिथे भेटली. दर वर्षी जानेवारीत केंद्रातल्या प्रत्येकाची तपासणी होऊन तिचा एक छापील फॉर्म पाकिटात जायचा. बाकीच्यांचं वजन, रक्तदाब डॉक्टर बघायची; सिस्टरांनी मात्र छातीची तपासणी एकमेकींची करायची, हे कधीचं ठरलेलं. पहिल्या वर्षी दोघी तपासायच्या खोलीत गेल्याही होत्या. दाराला तेव्हा कडी नव्हती. धाकटीला गुदगुल्या व्हायला लागल्या, थोरलीला हसू आवरेना, कुणीतरी दार ढकललं, आणि धाकटी म्हणाली, "राहू दे ग ताई. आपल्याला काय होतंय? आपण तर पकडणाऱ्या." तेव्हापासून ते काम चहाबरोबर उरकायचं. गेल्या वर्षीचा फॉर्म समोर ठेवायचा, तारीख बदलायची, बाकी जसंच्या तसं उतरवायचं. हिने तिच्या फॉर्मवर सही करायची, तिने हिच्या. थोरलीने आपले अकरा फॉर्म टेबलावर मांडले. धाकटीच्या गोल, नीटस अक्षरात अकरा वेळा लिहिलं होतं, 'दोष आढळला नाही'. त्याच्या वरच्या ओळीत, 'घरात कुणाला हा आजार: नाही'. ते पहिल्या वर्षी थोरलीनेच सांगितलं होतं, कपात बिस्कीट बुडवता बुडवता. त्या क्षणी तिला धाकटीचा राग आला. एकदा, एकदा तरी नीट हात लावला असता. अकरा वर्षांत एकदा. राग असा येत होता की बरं वाटत होतं, आणि त्या भरात तिने दुसरं पाकीट उघडलं, धाकटीचं. आत तिच्याच अक्षरात, तिच्याच तिरप्या, घाईच्या अक्षरात, तिच्याच सहीनिशी, अकरा वेळा तेच वाक्य. धाकटी सत्तेचाळीस वर्षांची होती. दोन मुलं शाळेत होती. थोरली खुर्चीत बसली. गेले सहा दिवस ती एका जिवासाठी घाबरत होती. आता ती दोघींसाठी घाबरू लागली, आणि ही दुसरी भीती पहिलीसारखी कानाडोळा करण्याजोगी नव्हती.

बुधवारी बाईसाहेब शिबिराहून परत आल्या होत्या. सत्र झालं, बायका गेल्या, आणि थोरली हात पुसत धाकटीला म्हणाली, "चल, फॉर्म भरायचेत."

"जानेवारीत भरले की."

"ते खोटे होते. खरे भरू."

धाकटी हसायला लागली. थोरली हसत नाही हे बघून तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. "काय झालं ग? वरून कुणी तपासायला येणारेय का?"

"कुणी येत नाही. आधी तू झोप."

दाराला आता कडी होती. धाकटी टेबलावर आडवी झाली, पहिल्या मिनिटाला गुदगुल्या झाल्या, दुसऱ्या मिनिटाला "तुझे हात किती गार" म्हणाली, मग गप्प झाली. थोरलीने घाई केली नाही. हात वर घ्यायला लावला, पट्ट्या-पट्ट्यांनी, वरून खाली, खालून वर, हलकं, मग जरा दाबून, मग अजून दाबून, काखेत, गळ्याच्या हाडाच्या वर. बाईसाहेबांच्या बाबतीत गाठी कुठे आहेत ते ठाऊक असायचं. इथे ठाऊक नव्हतं, आणि पुढच्या प्रत्येक बोटाला काय लागेल या भीतीने तिच्या पाठीला घाम फुटला. बारा मिनिटं लागली. धाकटी छताकडे बघत बारीक आवाजात म्हणाली, "आहे का काही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. दोन्हीकडे, काखेतसुद्धा. काही नाही." थोरलीच्या जिवात जीव आला. धाकटी उठून बसली, बटणं लावता लावता तिचे डोळे भरून आले. "मी घाबरते हे मलाच माहीत नव्हतं ग," ती म्हणाली, आणि नाक पुसून तिने पेन घेतलं. "आता तू. आणि खरं म्हणजे अगदी खरं हं, एकही ओळ उतरवून काढायची नाही. वय त्रेपन्न. मुलं एक. घरात कुणाला हा आजार?"

थोरली टेबलाच्या कडेला बसली होती. "आईला," ती म्हणाली.

पेन थांबलं. "तुझ्या आईला पोटाचं होतं ना?"

"पोटाचं नव्हतं."

"अकरा वर्षं मी 'नाही' लिहितेय, ताई."

"मीच सांगितलं होतं तसं."

धाकटीने 'आईला' असं लिहिलं, सावकाश, आणि पेन ठेवून तळहात एकमेकांवर घासून गरम केले. थोरलीनेच शिकवलं होतं ते. थोरली आडवी झाली. टेबलावरचा कागद पाठीखाली चुरचुरला. या टेबलावर तिने किती बायका झोपवल्या होत्या त्याची गणती नव्हती, पण इथून छत कसं दिसतं हे तिने पाहिलं नव्हतं; कोपऱ्यात ओलीचा एक डाग होता, आणि सगळ्या बायका तिथेच का बघतात ते तिला आता कळलं. गाठीचं तिने सांगितलं नव्हतं. तिने स्वतःला समजावलं होतं की सांगायचं नाही ते यासाठी, की धाकटीच्या बोटांनी न सांगता शोधावं. दुसऱ्याचं मत पहिल्याने बिघडू नये. उजवी बाजू झाली. धाकटी वळसा घालून डावीकडे आली. थोरलीचा डावा हात अंगालगत सरळ होता. 'हात वर घ्या' हे प्रत्येक बाईला सांगायचं वाक्य धाकटीने सांगितलं नाही. थोरलीला कोण शिकवणार? बोटं गळ्याच्या हाडापासून निघाली, पट्टीपट्टीने खाली आली, वर गेली, काखेकडे सरकली. त्या जागेवर आली. बोटं त्या जागेवरून पुढे गेली. परत आली, दाबलं, परत गेली. थांबली नाहीत. खालपर्यंत जाऊन, काखेत बघून, धाकटीने हात उचलला आणि मोकळं हसून म्हणाली, "काही नाही, ताई. दोष आढळला नाही. या वेळी अगदी खरा."

थोरली पडून राहिली. ते वाक्य खोलीत होतं आणि ती त्याच्याखाली पडून होती, थंडीत पांघरूण मिळावं तशी. आता फक्त उठायचं. बटणं लावायची, चहा टाकायचा. तपासणी खरी झाली होती, बारा मिनिटांची, सराईत हातांची. सहीही खरी होईल. कुणी खोटं बोललं नव्हतं. फॉर्म पाकिटात जाईल, पाकीट कपाटात, आणि पुन्हा जानेवारी येईल. मुलीचं या वर्षी ठरेल कदाचित. नवऱ्याला पावसाळ्यानंतर दुकान वाढवायचं होतं. हे वाक्य आपल्याला हवंच होतं, या वाक्यासाठीच आपण हा सगळा घाट घातला, हे तिला त्या टेबलावर पहिल्यांदा कळलं. दुसऱ्याचं मत वगैरे काही नव्हतं. हात तिने चुकून खाली ठेवला नव्हता. झोपतानाच ठेवला होता, जाणूनबुजून, आठ दिवसांपूर्वी बाथरूममध्ये शिकलेली युक्ती होती ती. आणि आता तो हात तिच्या अंगालगत असा पडला होता की जणू टेबलाचाच आहे. तिला भीती वाटत होती. इतकी भीती तिला कधीही वाटली नव्हती. बाळंतपणात नाही, आईच्या वेळी नाही. धाकटी पेनाचं टोपण काढत होती.

"थांब, लिहू नको," थोरली म्हणाली. तिने उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट धरलं, उचललं आणि डोक्यामागे नेऊन ठेवलं. "परत बघ. हात वर घेतल्यावर."

"अगं, बघितलं ना आत्ता."

"परत बघ. इथे." तिने धाकटीची बोटं धरून त्या जागेवर नेली आणि वरून दाबली.

बोटं थांबली. थोरलीने धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. असा चेहरा आपला किती वेळा झाला असेल, आणि खालून तो किती बायकांनी पाहिला असेल. सिस्टरने चेहरा सांभाळायचा असतो, धाकटीला तो सांभाळता आला नाही.

"आहे," धाकटी म्हणाली.

"हो."

"तुला माहीत होतं."

"आठ दिवस."

धाकटीने तोंड उघडलं. ती आता ओरडेल, आपण त्या विसरलेल्या बाईवर ओरडलो होतो तशी, असं थोरलीला वाटलं, आणि ओरडली असती तर तिने ऐकून घेतलं असतं. पण धाकटीने फक्त दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि घट्ट दाबला. मग म्हणाली, "मॅडमना बोलावते. आत्ताच. बाहेर रांग आहे ती थांबेल. तू तोवर उठून बस, कपडे घाल."

"नको," थोरली म्हणाली. "उठले तर मी घरी जाईन."

धाकटी कडी काढून धावतच गेली. थोरली हात डोक्यामागे तसाच ठेवून, उघडीच पडून राहिली, आणि दाराकडे बघत राहिली.